सैन्याचा बँड वाजतो तेव्हा आपल्या आत काय होतं?

पुण्यात कॅम्पातल्या एका मैदानावर सैन्याच्या बँडचा खुला कार्यक्रम होता. जानेवारीची संध्याकाळ, प्लॅस्टिकच्या खुर्च्या केव्हाच भरलेल्या, मागे लोक दाटीवाटीने उभे. पहिल्या चार-पाच धून कदमतालाच्या होत्या. लोकांनी ठेका धरला, बाबांच्या खांद्यांवर बसलेली पोरं डोलत होती. मग 'ऐ मेरे वतन के लोगो' सुरू झालं. गाणारं कुणी नाही. एक क्लॅरिनेट आणि मागे दबक्या आवाजातली पितळी वाद्यं, एवढंच.

अर्ध्या मिनिटात तेच मैदान वेगवेगळं वागायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एक बाई पदराने डोळे टिपत होत्या. कॉलेजच्या मुलांचे मोबाइल वर गेले. मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो, उठा की! कळत नाही का?" त्यावर काही जण उठले, काही अर्धवट उठून परत बसले. धून संपते न संपते तोच कुणीतरी टाळी वाजवली आणि दुसऱ्याने त्याला दटावलं. माझ्या शेजारचे आजोबा डोळे मिटून बसले होते आणि काठीच्या मुठीवर तीन बोटं उचलत-टेकवत होते.

माझी भाची यंदा बारावीला आहे. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, सगळे रडतायत आणि मला काहीच होत नाहीये. माझ्यात काही कमी आहे का गं?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. तिला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच अपुरं वाटलं. म्हणून हा लेख.

आधी हा बँड समजून घेऊ

सैन्यात ढोबळमानाने दोन प्रकारचे बँड दिसतात. एक पितळी वाद्यांचा: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, टुबा, आणि त्यांच्या जोडीला क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन. दुसरा पाइप बँड, म्हणजे काखेत पिशवी दाबून वाजवायचे बॅगपाइप आणि ड्रम. बॅगपाइपच्या एका नळीवर बोटं फिरतात आणि खांद्यावरून वर गेलेल्या नळ्या एकच सूर धरून राहतात. सनईवाल्याच्या शेजारी बसून नुसता सूर देणारा जोडीदार आठवा, तेच काम. कदाचित म्हणूनच स्कॉटलंडचं हे वाद्य आपल्या कानांना कधी परकं वाटलं नाही.

या वादकांचं शिक्षण मध्य प्रदेशात पचमढीच्या सैनिकी संगीत विभागात होतं. ते आधी सैनिक असतात. युद्ध सुरू झालं की वाद्यं बाजूला ठेवून जखमींना स्ट्रेचरवरून आणायचं काम बँडच्या माणसांकडे येतं, ही जुनी रीत आहे. धून ऐकताना एवढं लक्षात राहिलं तरी समोरच्या लाल-काळ्या गणवेशाकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

पुण्याला हे दृश्य नवं नाही. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे आणि तिथल्या दीक्षान्त संचलनाला बँडच्या तालावर छात्र शेवटचं पाऊल टाकून बाहेर पडतात. १५ जानेवारी २०२५ रोजी सैन्यदिनाचं संचलन खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात झालं, तेव्हा नेपाळी सैन्याचा बँडही आला होता.

मुळात बँड हा पायांसाठी जन्मला. शेकडो माणसांनी एका मापाने चालायचं तर तोंडी हुकूम पुरत नाही. जलद चालीत मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात आणि ती पाडायचं काम ड्रम करतो. त्यामुळे हाच बँड जेव्हा चाल सोडून एका जागी उभा राहतो आणि मंद धून वाजवतो, तेव्हा आपण आधीच हललेलो असतो. कडक माणूस अचानक हळू आवाजात बोलायला लागला की आपण कान टवकारतो ना, तसं.

छातीत वाजतं ते कुठे वाजतं?

लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथकाच्या पुढ्यात उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. ताशा कानाला लागतो, ढोल पोटात लागतो. मोठ्या ड्रमचा आवाज खर्जातला, त्याची कंपनं सावकाश आणि जोरकस. ती कानाबरोबर त्वचेला आणि बरगड्यांनाही जाणवतात. म्हणजे बँड ऐकणं ही अर्धी स्पर्शाचीही गोष्ट आहे, आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर तोच व्हिडिओ फिका वाटतो तो यामुळे.

शिवाय ठेका कानावर पडला की मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात. आपण खुर्चीत गप्प बसलेले असलो तरीही. पाय आपोआप हलतो तो याच कारणाने, त्यात देशभक्ती अजून आलेलीच नाही.

आता अंगावर येणारा काटा. त्याला रोमांच म्हणू. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो. थंडीत, भीतीत आणि संगीतातही हे होतं आणि त्यावर आपली मर्जी चालत नाही, कारण ज्या मज्जासंस्थेकडे हृदयाचे ठोके आहेत तिच्याकडेच हे खातं आहे. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्याच आवडीचं, शब्द नसलेलं संगीत ऐकवलं आणि मेंदूत डोपामाइन कधी सुटतं ते पाहिलं. डोपामाइन म्हणजे सुखाशी आणि ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन. ते दोनदा सुटलं: रोमांचाच्या क्षणी आणि तो क्षण येण्याच्या जरा आधी, एका वेगळ्या भागात.

मैफलीला जाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तबलजी तिहाई घेतो, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, तेव्हा आपण समेच्या आधीच मान उचलून ठेवतो. आनंद समेवर असतोच, पण ती येतेय येतेय म्हणून जे होतं तोही आनंदच. ओळखीची धून वर चढायला लागली की पुढचा सूर आपल्याला ठाऊक असतो आणि तरीही आपण श्वास धरतो.

गायक नाही, मग शब्द कुठून ऐकू आले?

२००५ मधला आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. ओळखीच्या गाण्यांमध्ये मधेमधे शांतता पेरली आणि ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. त्या शांततेतही ऐकण्याचं केंद्र काम करतच होतं. गाणं थांबलं होतं, मेंदूने ते पुढे चालू ठेवलं होतं. बँड धून वाजवतो तेव्हा अगदी हेच होतं. शब्द आपण आपल्या पदरचे घालतो. आणि स्वतः घातलेले शब्द ऐकलेल्या शब्दांपेक्षा जास्त आपले असतात.

त्या शब्दांबरोबर काय काय येतं ते ज्याच्या-त्याच्या आयुष्यावर ठरतं. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर कवी प्रदीप यांनी हे गीत लिहिलं, पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी त्याला चाल दिली आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी ते गायलं. त्या वेळी कळत्या वयात असलेल्यांना त्या हिवाळ्याची आठवण आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं, तिथे घराघरातून माणसं सैन्यात गेली. अशा घरातून आलेल्या बाईला ही धून ऐकताना एखादं नाव, एखादा चेहरा, एसटी स्टँडवरचा एखादा निरोप आठवणार. माझ्या भाचीला काय आठवणार? शाळेच्या मैदानावर उन्हात उभं राहणं आणि स्पीकरची खरखर. तिच्या आठवणीत अजून कुणी गेलेलं नाही, आणि देव करो तसंच राहो.

घरी एकट्याने ऐकलं तर तसं का होत नाही?

वारीत चालून आलेल्या माणसाला विचारा. तोच अभंग घरी म्हटला तर गोड वाटतो. टाळ-मृदंगाच्या मेळात, शेकडो पावलं एकदम पडत असताना म्हटला की भान हरपतं. एकाच लयीत हालचाल केल्याने माणसं एकमेकांची होतात. याला एकलय म्हणू.

अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये हे तपासलं. काही गटांना एकत्र पाऊल टाकत चालायला लावलं, काहींना आपापल्या गतीने. मग पैशांचा असा खेळ दिला की सगळ्यांनी एकमेकांवर भरवसा ठेवला तरच फायदा. एकलयीत चाललेल्यांनी एकमेकांना जास्त साथ दिली. दुसऱ्या प्रयोगात पेले तालावर सरकवत गाणं म्हणायला दिलं, आणि ते गाणं कोणतं? कॅनडाचं राष्ट्रगीत. म्हणणारे विद्यार्थी अमेरिकेतले! दुसऱ्या देशाचं गीत असूनही एकत्र म्हटल्यावर आपलेपणा वाढलाच. मला यातून असं दिसतं की मैदानावरच्या त्या भारलेपणाचा मोठा हिस्सा शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांकडून येतो.

टाळ्यांचंही असंच. युरोपातल्या नाट्यगृहांतल्या टाळ्या मोजून २०००मध्ये एक लेख आला. सुरुवातीला कडकडाट, मग हळूहळू सगळ्या टाळ्या एका तालात. तसं होताना प्रत्येकाची गती जवळपास निम्मी होते. कुणी हुकूम देत नाही. त्या संध्याकाळी 'सारे जहाँ से अच्छा'च्या वेळी मैदानात नेमकं हेच घडलं आणि समोरच्या ड्रममेजरने, म्हणजे बँडच्या पुढे उभं राहून इशारे देणाऱ्याने, आपला दंड किंचित जास्तच उंच उडवला, असं मला वाटलं.

पण कोणतंही गाणं बँडवर चालतं का?

नाही चालत, आणि या प्रश्नावर एकेकाळी देशात मोठा वाद झाला आहे. त्यात आपल्या पुण्याचा एक माणूस होता.

आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड असते, सुराभोवतीचं आंदोलन असतं. ट्रम्पेटसारख्या कळा असलेल्या वाद्याला एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारायची सवय. उतरणीच्या रस्त्याला पायऱ्या बांधाव्यात तशी चाल बांधून घ्यावी लागते. शिवाय बँडमध्ये सगळे एकच सूर वाजवत नाहीत. मुख्य चालीखाली तिला जुळणारे दुसरे सूर चालतात, त्याला हार्मनी म्हणतात. ती न बसली तर सगळं उघडं-बोडकं वाटतं.

ऑगस्ट १९४८मध्ये नेहरूंनी घटना समितीत राष्ट्रगीताबद्दल निवेदन केलं. त्यांनी सांगितलं की १९४७मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेवेळी आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीताची धून मागितली गेली, त्यांच्याजवळ 'जन गण मन'ची तबकडी होती, तिथल्या वाद्यवृंदाने ती वाजवली आणि सगळ्यांना आवडली. 'वंदे मातरम्'ची चाल वाद्यवृंदाला आणि बँडला तितकी सोयीची नाही, हा त्यांचा एक मुद्दा होता.

आळंदीत १८९८ साली जन्मलेले, पुण्यात हयात घालवलेले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे मानायला तयार नव्हते. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार. त्यांनी झिंझोटी रागाच्या अंगाने 'वंदे मातरम्'ची अशी चाल बांधली की समूहालाही म्हणता यावी आणि बँडलाही वाजवता यावी. दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांना ती ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलं आणि 'वंदे मातरम्'ला तितकाच मान राहील असं राजेंद्रप्रसादांनी जाहीर केलं. मास्तरांच्या मनासारखं पूर्ण झालं नाही. पण एका गवयाने बँडचं शास्त्र शिकून, आपल्या गाण्यासाठी देशाच्या दरबारात उभं राहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. शब्द तर पवित्र आहेतच, पण धून माणसाच्या हृदयात पोचवायची तर वाजवणाऱ्याच्या फुंकीचा विचार आधी करावा लागतो, हे त्यांना कळलं होतं.

मग उभं राहायचं की नाही?

राष्ट्रगीत वाजलं तर हो. केंद्र सरकारच्या आदेशानुसार राष्ट्रगीत गायलं किंवा वाजवलं जात असताना श्रोत्यांनी सावधान उभं राहायचं असतं. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्या आदेशातच एक सुंदर सोय आहे. बँडने आधी ड्रमचा गजर करायचा, मंद चालीच्या सात पावलांइतका. तो हळू सुरू होतो, चढत जातो, परत उतरतो. मग एक मात्रा शांतता, आणि मग राष्ट्रगीत. म्हणजे उठायचं कधी हे बँड स्वतःच सांगतो. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

'ऐ मेरे वतन के लोगो' हे राष्ट्रगीत नाही. त्यासाठी उभं राहावंसं वाटलं तर जरूर राहावं, पण बसलेल्यावर ओरडायचा हक्क कुणाला नाही. राष्ट्रगीताच्या बाबतीतही कायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा नेमका आहे. १९७१चा कायदा राष्ट्रगीत मुद्दाम थांबवणं किंवा ते म्हणणाऱ्या सभेत गोंधळ घालणं याला शिक्षा सांगतो. आदराने उभं राहूनही धार्मिक श्रद्धेमुळे न म्हणणाऱ्या केरळातल्या मुलांना शाळेतून काढलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये चुकीचं ठरवलं. चित्रपटगृहात राष्ट्रगीत वाजवण्याची २०१६मधली सक्तीही न्यायालयाने जानेवारी २०१८मध्ये मागे घेतली.

टाळ्यांचं म्हणाल तर मार्चला ठेका धरा, बँडच्या माणसांना आवडतं. हुतात्म्यांच्या स्मरणाची धून असेल तर शेवटचा सूर विरेपर्यंत थांबा. हा नियम नाही, माझी विनंती आहे.

"हा भावनांशी खेळ नव्हे का?"

हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणाऱ्यांना देशद्रोही म्हणून उडवून लावू नये. जी एकलय वारकऱ्यांना जोडते तीच जमावालाही जोडते. सूर कुणाच्या बाजूने वाजतोय हे शरीर विचारत नाही. म्हणून काटा आला यावरून समोरची गोष्ट खरी की खोटी हे ठरत नाही. ते नंतर शांतपणे, डोक्याने ठरवायचं असतं.

आणि एकाच धूनमुळे दोन भल्या माणसांना उलट वाटू शकतं. दिल्लीत २९ जानेवारीला प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या बीटिंग रिट्रीट या बँडच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी भजन वाजायचं. गांधीजींना ते प्रिय होतं. २०२२मध्ये ते वगळून त्याऐवजी 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं. काहींना आनंद झाला की आपल्या सैन्याने आपल्या भाषेतलं वाजवलं. काही हळहळले, विशेषतः निवृत्त सैनिकांतले काही, कारण त्यांच्या साथीदारांच्या आठवणी त्या जुन्या धूनला चिकटलेल्या. वर आठवणींचं जे सांगितलं ते इथे लावून पाहिलं की दोघांचंही डोळ्यांतलं पाणी खरं आहे हे कळतं. मला स्वतःला नवी निवड जवळची वाटते, पण जुन्या धूनसाठी रडणाऱ्याच्या निष्ठेवर मी शंका घेणार नाही.

"मोबाइल धरणाऱ्यांना काय वाटणार?"

काहीतरी वाटलं म्हणूनच त्यांनी तो धरला. माझ्या पुढच्या मुलाने पन्नासेक सेकंद चित्रण केलं आणि लगेच कुणाला तरी पाठवलं. वर नाव होतं 'आई'. फक्त स्क्रीनकडे बघताना शेजाऱ्याशी जुळणारी लय थोडी तुटते, त्यामुळे एखादी धून तरी हात मोकळे ठेवून ऐकावी.

आणि ज्यांना काहीच होत नाही?

संगीताने प्रत्येकाला रोमांच येत नाही. काही निरोगी, हसत्याखेळत्या माणसांना तर कुठल्याच संगीतातून फारसा आनंद मिळत नाही, हेही अभ्यासातून दिसलं आहे. अशी माणसं देशासाठी रक्त देतात, कर भरतात, सीमेवरही जातात. रडणं ही परीक्षा असती तर सगळ्यात आधी बँडवालेच नापास झाले असते. डोळे भरून आले आणि ओठ थरथरला तर ट्रम्पेट वाजणारच नाही.

हे शेवटचं मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते अनेक वर्षं इथल्याच एका लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. काठीवरची तीन बोटं म्हणजे वाद्याच्या तीन कळा होत्या; धून चालू असताना खालचे सूर ते मनात वाजवत होते. "शब्द नसले ना ताई, की दमसास ऐकायचा," ते म्हणाले. "त्या क्लॅरिनेटवाल्याने दुसऱ्या ओळीत मध्ये श्वास नाही घेतला. मोडलं असतं ते. पोराने ओढून नेलं शेवटपर्यंत." एवढं बोलताना मात्र त्यांचा आवाज बारीक झाला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांना वाद्यांपाशी जायचं होतं. भाचीने हात दिला. युफोनियमवाला जवान खाली वाकून नळीत साठलेलं पाणी गवतावर सोडत होता. आजोबांनी त्याला काहीतरी विचारलं, तो हसला. मग त्याने भाचीला वाद्याच्या तोंडावर तळहात टेकवायला सांगितलं आणि एक लांब, खर्जातला सूर लावला.

ती दचकली. हात काढला नाही. सूर थांबल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हे कोपरापर्यंत येतंय." आणि जवानाला म्हणाली, "दादा, अजून एकदा?"